स्ट्रॉबेरीच्या शेतापर्यंत पर्यटक आणायचा कसा? हातातल्या मोबाइलवरून

डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. त्या वळतात मात्र रस्त्यालगतच्या मोठ्या दुकानांकडे. आतल्या शेतात पिकलेली स्ट्रॉबेरी कुणाला दिसत नाही. हे फळ फार नाजूक. तोडल्यावर व्यापाऱ्याची वाट बघत बसता येत नाही. पाहुण्याने वाफ्यातून स्वतः तोडून नेलं तर भाव आपल्या हातात राहतो.

१. शेत नकाशावर आणा. गूगलवर 'बिझनेस प्रोफाइल', म्हणजे नकाशात दिसणारं आपल्या व्यवसायाचं पान, मोफत उघडता येतं. पडताळणीसाठी बहुतेकदा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, नावाची पाटी आणि चालू काम दिसावं लागतं. म्हणून आधी पाटी लावा. पिन, म्हणजे नकाशावरची ठिकाणाची खूण, शेताच्या मधोमध टाकू नका, गाडी जिथे उभी राहते तिथे टाका. नाहीतर नकाशा पाहुण्याला बांधावर नेऊन सोडतो. मग शेजाऱ्याच्या मोबाइलवर नकाशातला रस्ता लावून मुख्य रस्त्यापासून स्वतः गाडीने या. चूक तिथेच कळते.

२. व्हॉट्सॲप बिझनेस, म्हणजे धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप, वेगळ्या नंबरवर घ्या. घरचा नंबर दिलात तर हंगामात घरच्यांचे निरोप त्यातच हरवतात. त्यातल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, भावासकट लिहा: स्वतः तोडायची स्ट्रॉबेरी, भरलेली डबी, घरचा जॅम, पिठलं-भाकरी. 'क्विक रिप्लाय'मध्ये, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या उत्तरात, वाट शब्दांत साठवा, "देवळापुढे डावीकडे, मग विहिरीजवळ थांबा" अशी. डोंगरात रेंज जाते, तेव्हा आधी पाठवलेलं हे वाक्यच पाहुण्याला पोहोचवतं.

३. रोज सकाळी एक ताजा फोटो. स्टेटसला त्याच दिवशीचा वाफा टाका, फळ कमी असेल तर तसंच लिहा. लहान मुलांना घेऊन पुण्या-मुंबईहून आलेलं कुटुंब रिकाम्या वाफ्यापाशी उभं राहिलेलं बघवत नाही. फळ साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्च-एप्रिल. पावसाळ्यात प्रोफाइल 'तात्पुरतं बंद' करा.

फवारणीची तारीखही मोबाइलमध्ये नोंदवा. औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस भरेपर्यंत त्या तुकड्यात कुणालाही तोडायला सोडू नका. पाहुणा फळ तिथेच तोंडात टाकतो.

४. पैसे क्यूआरवर. मोठ्या गटाकडून थोडी आगाऊ रक्कम घ्यावी. पण पक्कं ध्यानात ठेवा: पैसे घेताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. "बुकिंगचे पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणणारा फसवतोय. घरात मोबाइल हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

५. अभिप्राय मागा, विकत घेऊ नका. निघताना प्रोफाइलची लिंक पाठवा. सूट देऊन तारे मिळवणं गूगलच्या नियमात बसत नाही.

मुक्कामाची सोय करणार असाल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते.

शेवटचं काम एकट्याचं नाही. वाडीतल्या पाच-सहा शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप गट करा आणि आज कुणाकडे फळ आहे ते सकाळी आठच्या आत त्यावर लिहा. आपला वाफा रिकामा असेल त्या दिवशी पाहुण्याला शेजाऱ्याच्या शेताची नकाशावरची पिन पाठवा.