सोरायसिसवर आयुर्वेदिक उपचार घेताय? या चुका टाळा

सर्वात घातक चूक बहुतेक पहिल्याच दिवशी होते. वैद्यांचं औषध सुरू झालं म्हणून आधीची सगळी औषधं त्याच दिवशी बंद. पोटातून चालू असलेलं स्टेरॉइड किंवा महिनोन्‌महिने अंगभर लावलेलं कडक मलम असं अचानक सोडलं, की आजार उसळू शकतो. सगळं अंग लालबुंद होतं, कातडी सोलवटते, हुडहुडी भरते, कधी बारीक पुवाचे फोड येतात. ‘विष बाहेर पडतंय, पडू दे’ असं म्हणून लोक अशा अवस्थेत घरी थांबतात तेव्हा फार वाईट वाटतं. तेव्हा ताबडतोब रुग्णालय गाठायला हवं. स्टेरॉइड हळूहळू कमी करायचं असतं, आणि तेही ज्यांनी लिहून दिलं त्यांच्या सल्ल्याने. मेथोट्रेक्सेट (सोरायसिसवर डॉक्टर देतात ते एक औषध) चालू असेल तर वैद्यांपासून लपवू नका. यकृतावर ताण आणणारी औषधं नकळत एकत्र येऊ शकतात.

दुसरी चूक म्हणजे घरच्या घरी पंचकर्म. आयुर्वेदाच्या ग्रंथांत सांगितलेल्या 18 कुष्ठांपैकी (म्हणजे त्वचारोगांपैकी) एककुष्ठ आणि किटिभ यांची लक्षणं सोरायसिसशी बरीच जुळतात, आणि तिथे शोधनावर, म्हणजे शरीरशुद्धीवर भर आहे, हे खरंच. पण आधी 3 ते 7 दिवस चढत्या मात्रेत औषधी तूप, मग तेल आणि शेक, मग वमन (उलटी) किंवा विरेचन (जुलाब), शेवटी पेया-विलेपीपासून (तांदळाच्या पातळ, मग घट्ट पेजेपासून) हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणं, असा तो क्रम आहे. नुसतं जुलाबाचं चूर्ण घेतलं तर अंगातलं पाणी जातं आणि चट्टे जागच्या जागी राहतात.

बावची या वनस्पतीच्या बियांचा लेप मनाने लावू नका. तिच्यातल्या सोरालेन या द्रव्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते. लेप लावून उन्हात बसलात तर भाजल्यासारखे फोड येतील.

अंघोळीच्या वेळी वज्रीने खपल्या खरवडणं तर थांबवाच. या आजारात जिथे कातडी दुखावते तिथे नवा चट्टा उठू शकतो. आधी तेल लावून खपली मऊ होऊ द्या, कोमट पाणी घ्या, टॉवेलने फक्त टिपा. डोक्यात खपल्या असतील तर कंगव्याचे दात टोचू देऊ नका.

नाव-घटक न लिहिलेल्या पुड्या आणि मलमं घेऊ नका. अशा औषधांत लपवलेलं स्टेरॉइड, शिसं, पारा सापडलेला आहे. चार दिवसांत लाली गायब आणि औषध थांबताच दुप्पट, असं झालं तर संशय घ्याच.

पथ्यातही अतिरेक नको. दूध-मासे एकत्र टाळा, पण एकेक पदार्थ सोडत खंगू नका. दारू-सिगारेट मात्र सोडाच.

सकाळी बोटं आखडतात, टाच दुखते, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात? हा सोरायसिसचा संधिवात असू शकतो. तेल बदलून बघण्यात महिने घालवू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. सांध्याची झालेली झीज भरून येत नाही.