चिनी शिकवायला एआर वापरताय? खुर्चीपासून सुरुवात करा

ऑगमेंटेड रिॲलिटी (एआर), म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर चित्रं-अक्षरं चढवणं, म्हटलं की हवेत तरंगणारा ड्रॅगन डोळ्यांसमोर येतो. तो सोडा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं घोडं अडतं ते गणकशब्दांपाशी. चिनीत नुसतं ‘एक खुर्ची’ म्हणून चालत नाही. मधे आणखी एक शब्द लागतो आणि तो वस्तूगणिक बदलतो. टेबल, कागद अशा सपाट वस्तूंना ‘चांग’, पुस्तकाला ‘पन’, छत्री-चाकूला ‘पा’. खुर्चीलाही ‘पा’च, तीही पाठीला धरून उचलतात, असं लक्षात ठेवा. हे यादी घोकून बसत नाही, वस्तू समोर लागते.

आधी वर्गातल्या आठ-दहा वस्तू निवडा आणि प्रत्येकीवर कॅमेऱ्याला ओळखता येईल असं चित्र चिकटवा. इथे मी फसलो होतो. पांढऱ्या कागदावर एकेक चिनी अक्षर छापलं, आणि फोन ढिम्म! चार रेघांत कॅमेऱ्याला पकडायला काही नसतं. अक्षराभोवती भरगच्च, कुठेही पुनरावृत्ती नसलेलं चित्र हवं. एआर ॲप बनवायच्या गूगलच्या एआरकोअर या साधनसंचासोबत चित्राला 100 पैकी गुण देणारं साधन मिळतं; 75 च्या खालचं चित्र बाद करा. चकचकीत कागद नको, दिव्याची तिरीप पडते.

मग युनिटी या गेम-ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एआर फाउंडेशन हा त्याचा एआरचा भाग वापरून थर रचा. फोन रोखला की आधी ‘ई ___ ईत्स’ (‘एक ___ खुर्ची’) एवढंच दिसू द्या. विद्यार्थ्याने ‘पा’ म्हटल्यावरच जोडीदाराने बोट लावून उत्तर उघडायचं, तेव्हाच उच्चार ऐकू यावा. उत्तर आधीच तरंगत असेल तर मुलं वाचून मोकळी होतात. प्रोग्रामिंग येत नसेल तर क्यूआर कोडमागे ध्वनिफीत ठेवा. निम्मं काम तेवढ्यानेही होतं.

चिनीत शब्दाचा सूर, म्हणजे आवाजाची चढउतार, बदलला की अर्थ बदलतो. सुरांसाठी शब्दावर रेघ काढा: पहिला सूर सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली दबलेला, चौथा धाडकन उतरणारा. ‘माइ’ तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्यात विकणं. सूर तपासायचं काम मात्र फोनच्या आवाज-ओळखीवर सोडू नका. अख्खं वाक्य बोललं की ती संदर्भावरून अंदाज बांधते आणि चुकलेला सूरही खपून जातो. तिथे शिक्षकाचा कानच लागतो.

दोघांत एकच फोन द्या. आठवड्याने सगळी चित्रं काढा, फोन पिशवीत ठेवायला सांगा आणि नुसतं खुर्चीकडे बोट दाखवा.