स्वस्त प्लाझ्मा कटर घेताय? आधी हवा आणि वीज तपासा, या चुका टाळा

कुडाळजवळ घरामागच्या शेडमध्ये मी ग्रिल, गेट आणि पॉवर टिलरच्या दुरुस्तीची कामं करतो. प्लाझ्मा कटर, म्हणजे वीज आणि दाबाच्या हवेने धातू कापायचं यंत्र, घेताना माझं सगळं लक्ष यंत्रावर छापलेल्या 40 अँपिअरवर होतं. मे महिन्यात यंत्र छान चाललं आणि जुलै लागताच दोन दिवसांत एकेक इलेक्ट्रोड (कापणाऱ्या टोकातला झिजणारा तुकडा) संपायला लागला. दुकानदाराने टॉर्च (हातात धरून कापायचा भाग) बदलून दिला, तरी तेच. शेवटी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा ड्रेन कॉक उघडला, तर गंजाच्या रंगाचं पाणी भसाभसा आलं. तांब्याभर तरी असेल.

तेव्हापासून कुणी विचारायला आलं की मी आधी विचारतो, कॉम्प्रेसर कोणता आहे?

सगळ्यात महागात पडणारी चूक: हवेचा हिशोब न करणं

प्लाझ्मा कटरमध्ये दाबाची हवा नोझलच्या बारीक भोकातून जाते आणि तिच्यातूनच वीज वाहते. ती हवा 20,000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, धातू वितळवते आणि वितळलेला रस खाली उडवून देते. म्हणजे कापण्याचं निम्मं काम हवेचं आहे.

साधारण 40 अँपिअरच्या यंत्राला मिनिटाला 100 ते 150 लिटर हवा साडेचार-पाच बार दाबाने सलग लागते. कॉम्प्रेसरच्या पाटीवर बहुतेक वेळा पिस्टनच्या मापाने काढलेला आकडा असतो. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश ते पाऊण धरा. रंगकामाचा 1 एचपी कॉम्प्रेसर इथे कमी पडतो, 2 एचपीच्या खाली जाऊ नका.

‘टाकी मोठी आहे ना’ असं बरेच जण म्हणतात. 50 लिटरची टाकी 8 बारवरून 5 बारवर आली की तिने 150 लिटर हवा दिलेली असते. म्हणजे जेमतेम मिनिटभराचं काम. मग दाब पडतो, आर्क (विजेचा तापलेला झोत) फडफडतो आणि काप अर्ध्यावर तुटतो. दोष मात्र यंत्राला दिला जातो.

पाण्याचंही तसंच. इलेक्ट्रोड तांब्याचा असला तरी त्याच्या टोकाला हाफ्नियमचा छोटा ठिपका असतो, आर्क तिथूनच निघतो. ओली हवा तो ठिपका भराभर खाते. फिल्टर टाकीला चिकटवून लावला तर उपयोग थोडा, कारण तिथे हवा गरम असते आणि वाफ तशीच पुढे जाते. आठ-दहा मीटर पाइपमधून हवा थंड होऊ द्या आणि फिल्टर यंत्राजवळ लावा. टाकी रोज काम संपल्यावर रिकामी करा. कोकणातल्या पावसाळ्यात मी फिल्टरच्या पुढे सिलिका जेलचा ड्रायरही लावतो. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की काढून तापवायचे.

16 अँपिअरच्या प्लगवर भरवसा

40 अँपिअर हा कापण्याचा करंट आहे. त्या वेळी आर्कवर 95 व्होल्टच्या आसपास धरले तर बाहेर पडणारी शक्ती पावणेचार किलोवॅट होते. यंत्रातली घट आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) धरून 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर ते 25 ते 30 अँपिअर ओढतं, शिवाय कॉम्प्रेसर वेगळा. आधी वीजबिलावरचा मंजूर भार वाचा आणि वायरमनकडून 32 अँपिअरच्या एमसीबीवर, जाड तांब्याच्या वायरीची वेगळी लाइन ओढून घ्या, नीट अर्थिंगसह. या यंत्राचा ओपन सर्किट व्होल्टेज (काप सुरू नसतानाचा) वेल्डिंग मशीनपेक्षा बराच जास्त, 250-300 व्होल्टपर्यंत असतो, म्हणून अर्थिंगमध्ये काटकसर नको.

एक्स्टेन्शन बोर्डचं गणितही करून बघा. 2.5 स्क्वेअर एमएमची 30 मीटर वायर 28 अँपिअरला 12 व्होल्ट खाते. संध्याकाळी मुळातच 200 व्होल्ट येणाऱ्या गावात यंत्र ट्रिप होणारच.

छापलेली जाडी खरी मानणं

‘12 एमएम कापतं’ याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच की प्लेटचे दोन तुकडे होतात. कड बघवत नाही. माझा ठोकताळा असा: रोजचं स्वच्छ काम छापील आकड्याच्या दोन तृतीयांशात बसवा आणि प्लेटच्या मध्ये भोक पाडून सुरुवात करायची असेल तर निम्म्यात. ग्रिल-गेटच्या पत्र्याला आणि दोन सुताच्या (सुमारे 6 एमएम) पट्टीला 40 अँपिअर पुरतात. रोज चार सुताची प्लेट असेल तर एमएससाठी (साध्या लोखंडासाठी) गॅस कटिंगच बरं. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम मात्र साध्या गॅसने कापत नाहीत, तिथे प्लाझ्माच हवा.

ड्युटी सायकलही (यंत्र सलग किती वेळ चालतं तेही) विचारा. 35 टक्के म्हणजे दहा मिनिटांत साडेतीन मिनिटं काप, बाकी विश्रांती. हा आकडा 40 अंश तापमानाला मोजलेला आहे का, हेही विचारा. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलला तेवढं असतंच.

पायलट आर्क नसलेलं यंत्र

इथे थोडे पैसे जास्त घाला. पायलट आर्क (धातूला न टेकता टॉर्चमध्येच आधी पेटणारा छोटा आर्क) नसेल तर रंग आणि गंज घासल्याशिवाय आर्क पेटत नाही आणि जाळी कापताना प्रत्येक भोकाला तुटतो. जुन्या गेटची दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा फार त्रास होतो. हाय फ्रीक्वेन्सीने पेटणारी यंत्रं जवळच्या कॉम्प्युटरला आणि सीएनसीच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग टेबलाच्या) कंट्रोलरला त्रास देतात. पुढे असं टेबल बसवायचा विचार असेल तर ब्लोबॅक टॉर्च (हवेच्या दाबाने आतला भाग मागे सरकून पेटणारा) घ्या.

टॉर्चचं मॉडेल लिहून घ्या आणि त्याच दुकानात दहा नोझल, दहा इलेक्ट्रोड मागा. मिळाले नाहीत तर यंत्र कितीही स्वस्त असो, परत या.

काप बिघडला तर

खाली जाड, पोकळ स्लॅग (वितळून गोठलेला धातू) लोंबतोय आणि छिन्नीच्या फटक्यात निघतोय? हात हळू चाललाय. बारीक कडक मणी चिकटलेत, ठिणग्या वर येतात? घाई होतेय. काप एका बाजूला तिरका जातोय आणि टॉर्च काटकोनात आहे? नोझल काढून उजेडाकडे धरा, भोक लंबगोल झालेलं दिसेल. आर्क मध्येच जातोय? अर्थ क्लॅम्प घासलेल्या धातूवर आहे ना ते बघा, आणि तो गळून पडणाऱ्या तुकड्यावर लावू नका.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा बंद खोलीत कापू नका, झिंकच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. क्लोरीनयुक्त सॉल्व्हेंटने पुसलेला जॉब तर अजिबात नको, आर्कच्या संपर्कात त्याच्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

काप संपल्यावर टॉर्चमधून काही सेकंद हवा येत राहते, ती इलेक्ट्रोड गार करत असते. ती थांबेपर्यंत स्विच बंद करू नका. आणि आठवड्यातून एकदा इलेक्ट्रोड काढून टोकाचा खड्डा बघा. दीड मिलिमीटर खोल गेला असेल तर तो टाकून द्या, नाहीतर जाताना टॉर्चचं डोकंही जाळून जातो.