‘लाइट’ हे विशेषण नेमकं कसं वापरायचं?

‘लाइट’चा विरुद्धार्थी शब्द विचारला की निम्मी मुलं ‘हेवी’ म्हणतात, निम्मी ‘डार्क’. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. चुकतात ती एका शब्दापुढे एकच विरुद्धार्थी छापणारी गाइडं. ती यादी पाठ करणं आधी बंद करा.

पहिलं काम, विशेषण नेहमी नामासकट वहीत लिहा. इंग्रजीतले हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, एक वजनाचा आणि एक उजेडाचा. आज दोघांचं स्पेलिंग आणि उच्चार एकच. वजनाच्या ‘लाइट’समोर ‘हेवी’ येतो, रंगाच्या आणि उजेडाच्या ‘लाइट’समोर ‘डार्क’. सोलापुरात टेरी टॉवेलची ऑर्डर इंग्रजीत घेणाऱ्यांनी तर हे पक्कं करायलाच हवं. नुसतं ‘लाइट टॉवेल्स’ लिहिलं तर गिऱ्हाइकाला फिका रंग हवाय की पातळ माल, हे कळत नाही. रंग असेल तर ‘लाइट ब्लू’ असं रंगाचं नाव लिहा. वजन असेल तर ‘लाइटवेट’ लिहून पुढे जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनाचा, आकडा टाका. 300 आणि 600 जीएसएममधला फरक वाचणाऱ्याला लगेच समजतो.

पाऊस, ट्रॅफिक, जेवण यांना सरळ लाइट-हेवीची जोडी चालते.

आता अवघड टप्पा. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, कारण इथे इंग्रजीपेक्षा आपली मराठीच आडवी येते. आपला ‘हलका’ फार ठिकाणी फिरतो. सोलापूरच्या चाटी गल्लीत, म्हणजे कापडबाजारात, ‘हा माल हलका आहे’ म्हटलं तर बहुतेक वेळा दर्जा कमी असं म्हणायचं असतं. त्याचं ‘लाइट क्वालिटी’ करू नका. ‘पुअर क्वालिटी’ किंवा ‘इन्फिरिअर’ म्हणा. चांगल्या प्रतीचा टॉवेलही वजनाला लाइट असू शकतो. ‘हलक्या कानाचा’ माणूस इंग्रजीत ‘गलिबल’ होतो. ‘लाइट-हेडेड’ म्हणजे उथळ डोक्याचा असं समजू नका. उन्हातून आल्यावर गरगरतं, तेव्हा तो शब्द वापरतात. आणि कुणाच्या हलक्या हाताचं कौतुक करताना ‘लाइट-फिंगर्ड’ तर मुळीच म्हणू नका, त्याचा अर्थ चोरटा असा होतो.

उलटही घडतं. आपण ‘हलका’ म्हणत नाही तिथे इंग्रजीत ‘लाइट’ येतो. ज्याची झोप सावध तो ‘लाइट स्लीपर’, गाढ झोपणारा ‘हेवी स्लीपर’. पण कमी पत्तीचा चहा ‘वीक टी’, आणि त्याच्या उलट ‘स्ट्राँग’. ‘लाइट पनिशमेंट’च्या उलट ‘सिव्हिअर’ शोभतो.

विरुद्ध बाजूलाही हाच सापळा आहे. बोअरच्या जड पाण्याला ‘हेवी वॉटर’ म्हणू नका, ते अणुभट्टीत वापरतात. क्षारांचं पाणी ‘हार्ड’ आणि त्याच्या उलट ‘सॉफ्ट’. ‘लाइट’चा तिथे संबंधच नाही.

‘लायटर’, ‘लायटेस्ट’ ही रूपं दोन्ही अर्थांना चालतात.

सरावासाठी एक वाक्य घ्या: ‘वेअर लाइट क्लोद्स इन मे.’ कपडे पातळ की फिक्या रंगाचे? वाक्यावरून ठरत नाही. तेव्हा तेच वाक्य दोनदा लिहा, एकदा ‘लाइटवेट’ घालून आणि एकदा ‘लाइट-कलर्ड’ घालून, आणि प्रत्येकाखाली त्याचा विरुद्धार्थी लिहा.