‘तारण’ हा शब्द शेवटी काढा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यंदा चार नव्या मुली संडे स्कूल घेणार आहेत. “काकू, तुम्ही कसं शिकवायचा ते लिहून द्या,” म्हणाल्या. दहा-बारा वर्षांची पोरं सव्वीस वर्षं सांभाळली, तेवढ्या जोरावर लिहिते.

सुरुवात नाताळापासून नको. गव्हाण, तारा सगळं पोरांना पाठ असतं. नाताळच्या नाटकात प्रत्येकानं एकदा तरी डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ केलेला असतो. मार्कचं शुभवर्तमान घ्या. बायबलात येशूची गोष्ट सांगणारी अशी चार पुस्तकं आहेत, त्यांत हे सगळ्यांत छोटं, १६ अध्यायांचं, आणि त्यात जन्माची गोष्टच नाही. नासरेथचा सुतार येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो आणि कामालाच लागतो.

फळ्यावर वर गालील प्रांत, त्यात नासरेथ, आणि खाली यरुशलेम काढा. नासरेथपासून यरुशलेम म्हणजे आपलं कोल्हापूर-सातारा, तेही पायी. “कधी घडलं हे?” असं कुणीतरी विचारतंच. येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता आणि तो इसवी सनापूर्वी ४ मध्ये मेला. म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व! सहाव्या शतकात सन मोजणाऱ्याचं गणित चुकलं, हे सांगितलं की पोरं जाम खूश होतात. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा पंतय पिलात यरुशलेमच्या भागाचा, म्हणजे यहूदीयाचा, रोमी सुभेदार होता इसवी सन २६ ते ३६ या काळात, तेव्हा क्रूसाची घटना त्या दहा वर्षांतली.

क्रूसाबद्दल सांगताना माझी एक चूक तुम्ही करू नका. एका वर्षी मी हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची खिळा आणून वर्गात फिरवला. एक मुलगी त्यानंतर दोन रविवार आलीच नाही. रक्त, खिळे दोन वाक्यांत उरका आणि वेळ ठेवा तिसऱ्या दिवसाच्या पहाटेसाठी. तीन बायका सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्यात आणि वाटेत त्यांना काळजी एकच, की दारावरची धोंड लोटायची कुणी? इथं थांबा, पोरांना बोलू द्या. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं, तरी कबर रिकामी असल्याचं पहिल्यांदा कळलं ते बायकांनाच. येशू मेलेल्यांतून उठला, यावर आपला सगळा विश्वास उभा आहे. ते नसेल तर बाकीचं शिकवून उपयोग नाही, असं प्रेषित पौलानंच बायबलात लिहून ठेवलंय.

एवढं झाल्यावर मगच ‘तारण’, म्हणजे पापातून सुटका. मी आधी हा शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायची. एकदा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “बाई, सोनेतारण व्हय?” वर्ग हसला, मीही हसले. पोराचं काय चुकलं? रोज येता-जाता पतसंस्थेची पाटी वाचतोय.

घरी गेल्यावर मात्र आईच्या पाटल्या आठवल्या. भावाच्या अ‍ॅडमिशनसाठी त्या गुजरीतल्या एका सराफाकडे तारण ठेवल्या होत्या. तीन वर्षं दादा दर महिन्याला थोडे थोडे भरायचे. सोडवून आणल्या त्या दिवशी आईनं त्या चिंचेनं घासल्या, हातात घातल्या आणि तशीच भाकरी थापायला बसली. पुढच्या रविवारी हेच वर्गात सांगितलं. तिजोरीतल्या पाटल्या कितीही चकचकीत असोत, आपल्या पायांनी घरी येत नाहीत. बाहेरून कुणीतरी मोल भरून सोडवावं लागतं. पापात अडकलेल्या माणसाला येशूनं आपला जीव देऊन सोडवलं, हे आपण मानतो ते असं. याला कृपा म्हणायचं. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू हेच म्हणतो, फक्त मराठी बायबलात तिथं ‘खंडणी’ शब्द आहे. तो ऐकून पोरांना पेपरातला गुंड आठवतो. बंदिवानाला सोडवायला भरलेलं मोल, असा अर्थ आधीच सांगून टाका.

दाखला ताणू नका मात्र. “मग पैसे भरले कुणाला? सैतानाला?” असं मला एका पोरीनं विचारलंय. जुन्या धर्मपंडितांतले काही ‘हो’ म्हणायचे. अकराव्या शतकात अन्सेल्म नावाच्या धर्मपंडितानं सांगितलं की देव सैतानाचं काही देणं लागत नाही. आणि पाटल्यांना हो-नाही म्हणता येत नाही, माणसाला येतं. ते ‘हो’ म्हणजे विश्वास.

लगेच पुढचा प्रश्न तयारच असतो: “मग कसंबी वागलं तर चालतंय?” तेव्हा लूकच्या शुभवर्तमानातली दोन माणसं शेजारी शेजारी उभी करा. येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या चोराला एकही चांगलं काम करायला वेळ नव्हता, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. जक्कय जकातदार बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू आपण होऊन त्याच्या घरी उतरला, आणि मग जक्कयनं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला. आधी काय, मग काय, हे पोरांकडूनच वदवून घ्या.

एक प्रश्न मात्र येणारच: “माझी आजी ख्रिस्ती नव्हती, तिचं काय?” आपल्या वर्गात अशी पोरं पुष्कळ आहेत. तिथं पाठ केलेलं उत्तर फेकू नका. मी खुर्ची त्याच्या बाकाजवळ ओढते आणि म्हणते, “तो निवाडा माझ्या हातात नाही बाळा. आजी कशी होती, सांग बघू.” तास संपला तरी चालेल.