रूट केलेल्या अँड्रॉइड फोनवर येणारा कॉल कोडमधून ओळखणे

फोन रूट केला, म्हणजे त्याच्या यंत्रणेवर पूर्ण अधिकार मिळवला, की थेट यंत्रणेच्या पोटात हात घालावासा वाटतो. पण येणारा कॉल ओळखण्यासाठी आधी सरळ मार्ग वापरावा. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, 'रीड फोन स्टेट' ही परवानगी मागून 'फोन स्टेट' या ब्रॉडकास्टसाठी (यंत्रणेने अ‍ॅप्सना पाठवलेल्या सूचनेसाठी) रिसीव्हर, म्हणजे ती सूचना घेणारा कोड, नोंदवावा. अँड्रॉइड ६ पासून ही परवानगी अ‍ॅप चालू असताना वापरकर्त्याकडून मिळवावी लागते, आणि इन्स्टॉल केल्यावर अ‍ॅप एकदा उघडेपर्यंत रिसीव्हरला काहीच कळत नाही.

ब्रॉडकास्टमधून तीनच अवस्था कळतात: आयडल (कॉल नाही), रिंगिंग (रिंग वाजते आहे) आणि ऑफहुक (कॉल चालू आहे किंवा लावला जात आहे). अर्थ मात्र आधीची अवस्था लक्षात ठेवल्याशिवाय लागत नाही. रिंगिंगनंतर ऑफहुक आले तर कॉल उचलला. थेट आयडल आले तर तो सुटला किंवा नाकारला. आयडलवरून एकदम ऑफहुक झाले तर कॉल आपणच लावला आहे. बोलणे चालू असताना दुसरा कॉल आला तर ऑफहुकनंतर रिंगिंग येते, आणि पुन्हा ऑफहुक झाल्यावर तो दुसरा कॉल उचलला की नाही हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. अ‍ॅपची प्रक्रिया मध्येच बंद होऊ शकते, म्हणून आधीची अवस्था कोडमधल्या चलात (व्हेरिएबलमध्ये) न ठेवता शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे फोनवर टिकून राहणाऱ्या अ‍ॅपच्या छोट्या साठ्यात, लिहावी.

नंबर हवा असेल तर अँड्रॉइड ९ पासून 'रीड कॉल लॉग' ही परवानगीही लागते. दोन्ही परवानग्या असल्या की तोच ब्रॉडकास्ट दोनदा येतो, एकदा नंबरविना आणि एकदा नंबरासह. माझ्या नोंदवहीत प्रत्येक कॉल दोनदा दिसू लागला, तेव्हा दोष शोधण्यात एक संध्याकाळ गेली. नंबराचे क्षेत्र मुळातच नसलेला ब्रॉडकास्ट सोडून देणे एवढाच त्यावर उपाय होता.

रूटचा खरा उपयोग पडताळणीसाठी होतो. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एसयू करून (रूटचे अधिकार घेऊन) 'डम्पसिस टेलिफोनी डॉट रजिस्ट्री' ही फोनसेवेची स्थिती दाखवणारी आज्ञा चालवल्यास 'एम कॉल स्टेट' समोर ०, १ किंवा २ दिसतो. १ म्हणजे रिंग वाजते आहे. दोन सिमच्या फोनवर ही ओळ एकाहून अधिक वेळा येते, त्यामुळे पहिलीच ओळ वाचून थांबू नये. हीच आज्ञा दर काही सेकंदांनी चालवून कॉलवर पाळत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण बॅटरी उतरतेच, शिवाय एका रिंगमध्ये कापलेला मिस्ड कॉल दोन तपासण्यांच्या मधून निसटून जातो.