इलेक्ट्रिक शॉवर घ्यायच्या आधी जुन्या फ्यूजबोर्डाचं काय काय पाहून ठेवायचं

थंडी पडली की बंब पेटवायचा कंटाळा येते आणि घरात कोणी ना कोणी म्हणतेच की इलेक्ट्रिक शॉवर, म्हणजे वाहतं पाणी तिथल्या तिथं तापवणारा, लावून टाकू. लावा ना, पण दुकानात जायच्या आधी मीटरखालचा बोर्ड नीट पाहून घ्या, काऊन की गावाकडच्या जुन्या घरात अजूनही लाकडी पाटीवर एक लोखंडी मेन स्विच अन् चिनी मातीचे दोन किटकॅट (काढता-घालता येणारे फ्यूज) एवढंच असते, आणि ते बसवलं तेव्हा घरात चार बल्ब अन् एक पंखा होता.

पहिलं म्हणजे शॉवरच्या डब्यावरचा वॅटचा आकडा पाहा अन् त्याला २३० होल्टनं भागा. ३ किलोवॅटवाला १३ अँपिअर ओढते, साडेचारवाला जवळपास २०, आणि ऑनलाईन फोटोत भारी दिसणारे परदेशी धाटणीचे ८.५ किलोवॅटवाले तं ३७ अँपिअर. आता पाण्याचा हिशोब करा. टाकीतलं गार पाणी २० डिग्रीनं तापवायचं म्हटलं तं ३ किलोवॅटमधून मिनिटाला दोन लिटरच्या थोडं वर पाणी येते, साडेचारमधून सव्वातीन, ८.५ मधून सहा. म्हणजे छोटा घेतला तं धार बारीक, मोठा घेतला तं लाईन झेपत नाही. माझं सरळ मत आहे, ८.५वाला गावात घेऊच नका. १५ लिटरचा २ किलोवॅटचा साधा टाकीवाला गिझर तेच पाणी दहा-अकरा मिनिटात तापवते, ९ अँपिअरच्या आत, आणि त्यालाच शॉवर जोडता येते. थोडं थांबावं लागते, बाकी काय.

दुसरं, होल्टेज. संध्याकाळी तुमच्याकडे १८० वर येत असेल तं ३ किलोवॅटचा शॉवर १.८ च्या आसपासच काम करते, कारण होल्टेज कमी झालं की उष्णता त्याच्या वर्गाच्या हिशोबानं पडते. मग लोक म्हणतात कंपनी खराब आहे. आधी दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ होल्टमीटर लावून पाहून घ्या.

वीजबिलावर मंजूर भार लिहिलेला असते तो पाहा. फ्रिज, कूलर, पाण्याची मोटर, मिक्सर अन् वरून शॉवर असं सगळं जोडून जास्त होत असेल तं महावितरणकडं भार वाढवायचा अर्ज करा, लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागते. पोलवरून आलेली सर्व्हिस वायर जुनी, बारीक अन् जागोजागी जोड मारलेली असेल तं तेही तेव्हाच सांगा. मीटरच्या सीलला मात्र हात लावू नका, आणि हे ध्यानात ठेवा की मेन बंद केला तरी मीटरपासून मेनच्या वरच्या टोकापर्यंत करंट असतेच.

आता बोर्ड. किटकॅटमध्ये फ्यूज वायरच्या जागी केबलमधली दोन-तीन तारं गुंडाळलेली असतात, ती उडतच नाहीत, आधी भिंतीतली वायर जळते. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे, जुन्या बोर्डात न्यूट्रललाही (करंट परत नेणाऱ्या तारेलाही) फ्यूज असते. तो उडाला की लाईट जाते, आपण समजतो लाईन बंद, पण फेज (करंट आणणारी तार) तसाच चालू राहते. म्हणून हा बोर्ड पूर्ण काढून नवीन डीबी (स्विचांचा डबा) बसवायचा, त्यात डबल पोल, म्हणजे फेज अन् न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन, त्याच्यानंतर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लाईन तोडणारी) अन् मग वेगवेगळ्या एमसीबी (भार जास्त झाला की पडणाऱ्या). आरसीसीबी माणसाला वाचवते, वायरला नाही, त्यासाठी एमसीबी लागतेच, दोन्ही पाहिजे. ३ किलोवॅटसाठी १६ अँपिअरची एमसीबी अन् २.५ चौरस एमएमची तांब्याची वायर, साडेचारसाठी २५ ची अन् ४ चौरस एमएमची, आणि ही लाईन डीबीपासून थेट, मधात दुसरं काहीच जोडायचं नाही. साडेचारवाला १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका, पिन वितळते. घरी इन्व्हर्टर असेल तं वायरमनला आधीच सांगा, त्याचा न्यूट्रल कुठंतरी मिसळलेला असते अन् मग आरसीसीबी सारखी पडत राहते, आणि शेवटी कोणीतरी वैतागून तिला बायपास करून टाकते.

अर्थिंगवर मी सगळ्यात जास्त जोर देईन. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरते. बरीच घरं अशी आहेत की अर्थिंगची तार भिंतीतून निघते अन् कुठंच जात नाही. फेज अन् अर्थिंगमध्ये लावलेला बल्ब पेटला म्हणजे अर्थिंग चांगली असं मानू नका, १०० वॅटचा बल्ब खराब अर्थिंगवरही मस्त पेटते, अर्थ टेस्टर लावून मोजायला सांगा. अर्थिंगचा नवीन खड्डा घेणार असाल तं न्हाणीचं सांडपाणी जाते त्या ओल्या बाजूला घ्या, वरती पाणी टाकायला जागा ठेवा.

न्हाणी अंगणात वेगळी असेल तं वायर कंडुइटमधूनच (वायरसाठीच्या पाइपातूनच) न्या. टिनाच्या छताला घासणारी उघडी वायर अन् त्याच टिनाला बांधलेली कपडे वाळवायची तार, हे दोन्ही एकत्र असेल तं आधी तार हलवा, शॉवर नंतर. स्विच न्हाणीच्या बाहेर, डबल पोल, इंडिकेटरवाला. टाकी छतावर दोन-तीन मीटर उंच असली तं प्रेशर कमीच पडते, त्यामुळं घेतलेला मॉडेल कमी प्रेशरवर चालते का ते डब्यावर वाचा. बोरचं पाणी क्षाराचं असेल तं एलिमेंटवर पांढरा थर बसणारच, म्हणून उघडून साफ करता येईल असाच घ्या.

वायरमन दिवाळीच्या आधीच ठरवून ठेवा. एकदा गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की तो शेतातल्या मोटरींच्या मागं असते, फोन उचलत नाही. त्याच्याकडं लायसन्स आहे का ते विचारायला लाजू नका. सामान आयएसआय मार्कवालं अन् बिलासकट घ्या, कामाच्या दिवशी फ्रिज रिकामा करा, पिण्याचं पाणी भरून ठेवा, मोबाईल चार्ज करा.

काम झालं की आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा, पटकन पडली पाहिजे, पुढंही महिन्यातून एकदा दाबत जा. मग कोणी आंघोळीला न जाता शॉवर दहा मिनिटं चालू ठेवा अन् बाहेरचा स्विच अन् एमसीबीचं तोंड हाताच्या पाठीनं पाहा. चांगलंच गरम लागलं तं पेच सैल आहे, वायरमन दारात असतानाच परत आवळून घ्या.